झोन बदलला, जमीन तीच: नदीकाठच्या बंद कंपनीच्या जागेवर घर घेण्याआधी

मार्च महिन्यात ताई आणि भावोजींबरोबर एक फ्लॅट बघायला गेलो होतो. पवनेच्या काठी, पूर्वी जिथं कंपनी होती त्या जागेवर नवी स्कीम येतेय. साइट ऑफिसात काचेच्या पेटीत सगळ्या संकुलाचं मॉडेल ठेवलेलं. पाच टॉवर, मधे पोहण्याचा तलाव, कडेनं निळ्या रंगाची नदी. सॅम्पल फ्लॅटच्या बाल्कनीतून खरी नदीही दिसत होती. ताई तिथं बराच वेळ उभी राहिली. सगळा संसार दोन खोल्यांत केलेल्या माणसाला समोर मोकळं पाणी आणि झाडी दिसली की काय वाटतं, ते मला कळत होतं.

बाहेर पत्र्याच्या कुंपणाला लागून चहाची टपरी आहे. तिथं बसलेल्या एका काकांनी विचारलं, "फ्लॅट बघायला आलावता का?" ते त्याच कंपनीत होते, प्लेटिंग खात्यात, म्हणजे धातूच्या भागांवर क्रोमसारखा मुलामा चढवायचा तिथं, सत्तावीस वर्षं. मॉडेलमधला तलाव साधारण कुठं येतो ते भावोजींनी बोटानं दाखवलं, तसे काका म्हणाले, "तिथंच आमच्या टाक्या होत्या. क्रोमच्या. शिफ्ट सुटायच्या आधी फरशी धुवायची आणि पाणी मागं सोडून द्यायचं. पिवळंधमक पाणी. तेव्हा कोण विचारत होतं?"

घरी आल्यावर ताईनं मला तीन प्रश्न केले. इथं पूर येईल का? जमिनीत काही असेल का? आणि सगळ्या परवानग्या आहेत म्हणतात, मग काळजी कशाची? तिला उत्तर देण्यासाठी मी जे वाचलं, विचारलं, पाहिलं, ते इथं मांडतोय. पुणे-पिंपरी-चिंचवड असो, ठाणे असो की कल्याण, जिथं कारखाने हटून टॉवर येताहेत तिथल्या कुणालाही ते उपयोगी पडेल.

कारखाने नदीकाठी का होते आणि आता घरं का?

कारखान्याला दोन गोष्टींसाठी नदी लागायची: पाणी घ्यायला आणि पाणी सोडायला. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. पुढं १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि पवना, इंद्रायणी, मुळा या तीन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात उद्योग दाटत गेले. आता त्यातले बरेचसे बंद पडले किंवा चाकण, रांजणगावकडं सरकले. मागं राहिली ती शहराच्या पोटातली मोठी, सलग, रस्त्यावरची जमीन. तिथं यंत्रं चालवण्यापेक्षा घरं विकण्यात कित्येक पट पैसा आहे.

शहराच्या विकास आराखड्यात प्रत्येक जमिनीला एक झोन असतो, म्हणजे तिथं काय करता येईल याची ठरवून दिलेली मुभा. औद्योगिक झोनमधल्या जागेवर राहती घरं बांधायची तर वेगळी परवानगी लागते. या धंद्यातले लोक तिला 'आय टू आर' (इंडस्ट्रियल टू रेसिडेन्शियल) म्हणतात. डिसेंबर २०२० पासून मुंबई वगळता बहुतेक राज्याला जी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली, तिच्यात यासाठी अटी आहेत: काही जागा सार्वजनिक सुविधांसाठी सोडायची, कारखाना बंद झालेला असेल तर कामगारांची देणी फिटल्याबद्दल कामगार आयुक्तांचा दाखला आणायचा, वगैरे. एक फरक लक्षात ठेवा. एमआयडीसीचा प्लॉट सहसा ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतो आणि तिथं नियोजनाचे अधिकार एमआयडीसीचे. आय टू आर चालतं ते मुख्यतः खासगी मालकीच्या औद्योगिक जमिनींवर. जागा यातली कोणती, हे पहिल्याच भेटीत विचारावं.

परवानगीनं कागदावरचा झोन एका दिवसात बदलतो. खालची माती आणि शेजारची नदी मात्र तिथंच असते. माझ्या मते सगळी गोम इथं आहे.

निळी रेषा, लाल रेषा

महाराष्ट्रात नदीच्या दोन्ही काठांना पाटबंधारे खातं दोन पूररेषा आखतं. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती हद्द. लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या मोठ्या पुराची हद्द. नदी ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा. तिथं बाग, पार्किंग, भाजीबाजार, स्मशानभूमी असं चालतं, राहती इमारत चालत नाही. निळी ते लाल हा नियंत्रित पट्टा. तिथं बांधता येतं, पण बांधकामाची पातळी लाल रेषेच्या पुरापेक्षा ०.४५ मीटर, म्हणजे साधारण दीड फूट वर ठेवून.

'२५ वर्षांतून एकदा' हे ऐकलं की पुष्कळांचा समज होतो की यंदा पूर येऊन गेला, आता २५ वर्षं निवांत. तसं नाही. एका डब्यात २५ चिठ्ठ्या आहेत आणि एकीवर 'पूर' लिहिलंय, असं धरा. दर पावसाळ्यात एक चिठ्ठी काढायची, वाचायची आणि परत डब्यात टाकायची. दोन वर्षं लागोपाठ तीच चिठ्ठी निघू शकते. आता हा डबा तुमच्या २० वर्षांच्या गृहकर्जाशेजारी ठेवा. निळ्या रेषेवरच्या घराला कर्ज फिटेपर्यंत एकदा तरी पूर गाठण्याची शक्यता ५६ टक्के येते. लाल रेषेवरच्या, '१०० वर्षांतून एकदा'वाल्या घरालाही ती १८ टक्के आहे. भावोजींना हा हिशेब मांडून दाखवला तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. पाचातल्या एका माणसाला होणारा आजार असता तर आपण त्याची तपासणी करून घेतली असती.

नियमावलीतली आणखी एक तरतूद माहीत हवी. प्लॉटचा काही भाग पूररेषेत गेला तरी, जमीन विकासयोग्य झोनमध्ये असेल तर, त्या भागाचा एफएसआय उरलेल्या जागेवर वापरायला देता येतो. एफएसआय म्हणजे जमिनीच्या प्रमाणात किती चौरस फूट बांधायचं ती मर्यादा. चार एकरांतला दीड एकर निळ्या रेषेत गेला, तर तिथली घरं उरलेल्या अडीच एकरांत उंच होऊन उभी राहतात. मालकाचं नुकसान होऊ नये हा हेतू रास्त आहे. परिणाम असा की सगळ्यात जास्त माणसं रेषेच्या अगदी पलीकडच्या कडेला येऊन राहतात. जाहिरातीतला 'नदीकाठचा तीन एकरांचा हिरवा पट्टा' बहुधा हाच निषिद्ध भाग असतो. तो सोडणं बिल्डरला भागच असतं.

परवानगी आहे ना, मग झालं की!

हा सगळ्यात नेहमीचा आणि सगळ्यात प्रामाणिक आक्षेप. सामान्य माणसानं सरकारी शिक्क्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कशावर ठेवायचा?

पण शिक्क्याशिक्क्यांत फरक असतो. चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेत उभे राहिलेले ३६ बंगले पिंपरी-चिंचवड महापालिकेनं १७ मे २०२५ रोजी पाडले. राष्ट्रीय हरित लवादाचा तसा आदेश २०२४ मध्येच झाला होता आणि सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला. लोकांनी तिथं पैसे मोजून प्लॉट घेतले होते, वर घरं बांधली होती, संसार मांडले होते. खरेदीखताची नोंदणी म्हणजे अमक्यानं तमक्याला जमीन विकली एवढीच नोंद. तिथं घर बांधता येतं असं ती कुठंही म्हणत नाही. जेसीबीसमोर उभ्या राहिलेल्या माणसाला हे कळून उपयोग नसतो.

बरं, बांधकामाची रीतसर परवानगी असली तरी रेषा बरोबर आहे का, हा प्रश्न उरतोच. पूररेषा हा त्या काळच्या नदीचा काढलेला फोटो असतो. पुढं नदीपात्रात राडारोडा पडला, काठावर भराव झाला, नाले बुजले, पूल आले, तर तेवढंच पाणी जास्त उंचीला चढतं. मुलाच्या शाळेतल्या मापानं शिवलेला शर्ट कॉलेजात अंगाला येत नाही, तसंच. पुण्याची मुठा बघा. खडकवासल्याखाली निळी रेषा ६० हजार क्युसेक विसर्गाला धरून आहे आणि लाल रेषा एक लाखाला. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, जवळपास २८ लिटर. २५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासल्यातून सोडलेलं पाणी ३५ हजार क्युसेकच्या आसपास होतं आणि तेवढ्यानंच सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोकांच्या घरांत पाणी शिरलं. रेषेच्या हिशेबात जे पाणी पात्रात मावायला हवं, ते मावलं नाही. म्हणून रेषा कोणत्या साली आखली आणि त्यानंतर पात्राची मोजणी झाली का, हे विचारायला लाजू नये.

जोतं उंच केलं की पुराची भीती कशाला?

जोतं उंच केल्यानं तळमजला वाचतो, हे खरं. पण पुरात माणसाला घरात कोरडं बसून राहता येत नाही. दूध लागतं, औषध लागतं, म्हाताऱ्या आईला दवाखान्यात न्यावं लागतं. वीज गेली की लिफ्ट बंद, पंप बंद. इमारत बेटासारखी उभी आणि रस्ता चार फूट पाण्यात, अशा वेळी बाराव्या मजल्यावरचा माणूसही पूरग्रस्तच असतो.

जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरानं हा विचार कसा केला ते बघण्यासारखं आहे. फेब्रुवारी १९६२ मध्ये समुद्राच्या उधाणानं एल्बा नदी चढली आणि त्या एका शहरात तीनशेहून जास्त माणसं गेली. पुढं शहरानं जुन्या बंदराच्या गोदामांच्या जागेवर, एल्बेच्या काठी, हाफेनसिटी नावाची १५७ हेक्टरांची नवी वस्ती वसवायला घेतली. ही जागा शहराच्या मुख्य पूरबांधाच्या बाहेर आहे. म्हणून त्यांनी इमारतींबरोबर रस्तेही समुद्रसपाटीपासून आठ-नऊ मीटर उंचीवर घेतले, पुरातही अग्निशमनची गाडी आत जावी म्हणून. काठचा फिरायचा रस्ता मात्र मुद्दाम खाली ठेवला. उधाण आलं की तो बुडतो, आणि तो बुडणारच हे सगळ्यांनी आधीपासून धरलेलं असतं. इमारतींच्या खालच्या पार्किंगला पूर अडवणारे जाड दरवाजे आहेत.

आपल्याकडं जोत्याचा नियम प्लॉटपुरता असतो. बाहेरचा डीपी रस्ता, म्हणजे विकास आराखड्यातला रस्ता, कोणत्या पातळीवर आहे हे बिल्डरच्या हातात नसतं आणि खरेदीदाराच्या डोक्यात नसतं. शिवाय प्लॉटवर भराव टाकून जमीन उचलली की तिथं पसरणारं पाणी कुठंतरी जाणारच. काठोकाठ भरलेल्या बादलीत तांब्या बुडवला की पाणी बाहेर सांडतं, तसं ते समोरच्या काठावर किंवा खालच्या झोपडपट्टीत शिरतं. भिंत बांधून नदी अडवली तरी हिशेब तोच. पुण्यात मुळा-मुठेच्या काठी सुमारे ४४ किलोमीटरच्या नदीकाठ प्रकल्पावर नदीप्रेमींचा मुख्य आक्षेप हाच आहे: पात्र आवळलं की पाणी वर चढणार.

आपल्या जुन्या लोकांनी नदीला लागून घाट बांधला, देऊळ बांधलं आणि घरं मागं, उंचावर घेतली. चिंचवडचं मोरया गोसावींचं समाधी मंदिर बघा. पवना फुगली की देवळात पाणी शिरतं, लोक पायऱ्यांवरूनच हात जोडतात, पाणी ओसरलं की गाळ धुऊन काढतात. पुराची जागा पुराला दिलेली आहे, त्यामुळं कुणाचा संसार वाहून जात नाही.

जमिनीत नेमकं काय असू शकतं?

स्वयंपाकघरात तेलाची बाटली फुटली तर वरचं तेल आपण पुसून घेतो. फरशीच्या सांध्यात मुरलेलं तेल राहतं आणि उन्हाळ्यात त्याचा वास येतो. कारखान्याच्या जमिनीचं असंच आहे, फक्त तिथं तीस-चाळीस वर्षं रोज थोडं थोडं सांडलेलं असतं.

काय सांडलं हे धंद्यावर ठरतं. प्लेटिंग असेल तर क्रोमियम, निकेल, सायनाइड. यंत्रकाम असेल तर कूलंट, तेल आणि सुट्या भागांवरचं ग्रीस काढायला वापरलेली द्रावकं (सॉल्व्हंट). रंगकाम असेल तर शिसं आणि थिनर. डिझेलची जमिनीखालची टाकी असेल तर तिची गळती. जुन्या शेडच्या छतावर ॲस्बेस्टॉसचे पत्रे. हे पत्रे अखंड असतात तोवर फारसा धोका नसतो, फोडताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि तिचा आजार कित्येक वर्षांनी दिसतो. पाडकाम करणाऱ्या मजुरांच्या तोंडाला नुसता रुमाल बांधलेला दिसला की माझ्या पोटात कालवतं.

काकांचं पिवळं पाणी म्हणजे बहुधा षट्संयुजी क्रोमियम, क्रोमियमचं विषारी आणि कर्करोग करणारं रूप. ते पाण्यात सहज विरघळतं आणि भूजलाबरोबर लांब जातं. तमिळनाडूत राणीपेटला क्रोमेटचा एक कारखाना १९९० च्या दशकात बंद पडला आणि मागं लाखाहून अधिक टन क्रोमियमयुक्त कचरा उघड्यावर सोडून गेला. पावसाबरोबर ते विष आसपासच्या विहिरींत उतरलं. कारखान्याचा भोंगा थांबून दशकं लोटली तरी तो ढीग तिथलं सगळ्यात मोठं दुखणं होऊन राहिला.

पण फ्लॅटमधल्या माणसापर्यंत हे पोचणार कसं? तो कुठं माती खातोय? रास्त शंका आहे. लहान मुलं मातीत खेळतात आणि हात तोंडात घालतात, ही पहिली वाट. उन्हाळ्यात टँकर परवडेना म्हणून सोसायटी बोअर मारते, ही दुसरी. तिसरी वाट सगळ्यात कमी लोकांना माहीत असते: उडून जाणारी द्रावकं जमिनीतून वाफेच्या रूपानं वर येतात आणि तळघरात, बंद पार्किंगमध्ये साठतात. चौथी पाण्याच्या नळाची. नेदरलँड्समध्ये लेक नदीच्या काठी लेकरकेर्क नावाचं गाव आहे. तिथं चर आणि खड्डे कचऱ्यानं भरून वर १९७० च्या दशकात नवी वस्ती बांधली. त्या कचऱ्यात रसायनांचे पिंपही होते. टोल्युइन, झायलिन ही द्रावकं प्लास्टिकच्या जलवाहिन्यांना भेदून पिण्याच्या पाण्यात उतरली. १९८० मध्ये शेकडो लोकांना घरं सोडावी लागली, आणि तीन वर्षांत त्या देशानं जमीन साफ करण्याचा कायदा केला. नव्या कोऱ्या घरांच्या रांगा होत्या त्या, बागा लावलेल्या.

नदीकाठामुळं यात आणखी एक गुंता होतो. काठच्या जमिनीत भूजल वरच असतं. दोन मजली पार्किंगसाठी खड्डा खणला की पाणी भरतं आणि महिनोन्‌महिने पंप लावून ते उपसावं लागतं. माती खराब असेल तर ते उपसलेलं पाणीही खराब, आणि ते पावसाळी गटारातून थेट नदीत जातं. पूर आला तर उलटा प्रवास. नदीचं पाणी जमिनीत शिरतं, इतकी वर्षं एका जागी बसलेलं हलवतं आणि ओसरताना बरोबर घेऊन जातं.

कायदा काय म्हणतो?

फार काळ आपल्याकडं यासाठी वेगळी चौकटच नव्हती. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. जिल्हा प्रशासनानं संशयित जागांची दर सहा महिन्यांनी माहिती द्यायची, राज्य प्रदूषण मंडळानं ठरलेल्या मुदतीत तपासणी करायची, जागा दूषित ठरली तर ती साफ करण्याचा खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून घ्यायचा, अशी त्याची रचना आहे. तोवर देशात अशा १०३ जागा ओळखल्या गेल्या होत्या आणि प्रत्यक्ष सफाई सुरू झालेल्या होत्या अवघ्या सात. भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या आवारातला ३३७ टन कचरा पिथमपूरला हलवायला जानेवारी २०२५ उजाडला, वायुकांडानंतर चाळीस वर्षं. सगळ्या देशाचं लक्ष असलेल्या जागेची ही गत.

नियम आले हे चांगलंच झालं. पण सगळी गाडी 'संशय' या शब्दावर चालते. कुणीतरी बोट दाखवायला हवं. कंपनी बंद, मालक बदललेला, कामगार विखुरलेले, शेड जमीनदोस्त झालेल्या, अशा जागेकडं बोट कोण दाखवणार? झोन बदलताना एफएसआय, रस्त्याची रुंदी, प्रीमियम (परवानगीसाठी भरायचं शुल्क) यांवर बैठकांमागून बैठका होतात. मातीचा विषय क्वचित निघतो. मला वाटतं, आय टू आरच्या फाइलमध्ये कामगार आयुक्तांचा दाखला जसा सक्तीचा, तसाच मातीचा आणि भूजलाचा अहवाल सक्तीचा करावा. कामगारांची देणी फेडल्याशिवाय पुढं जाता येत नाही, तसं जमिनीचं देणं फेडल्याशिवायही जाता येऊ नये.

माती काढून टाकली की काम झालं?

पुष्कळदा होतंही. प्रदूषण थोड्या जागेत असेल तर तेवढी माती खणून घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्रात पाठवता येते. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथं अशी केंद्रं आहेत. द्रावकं असतील तर जमिनीतून हवा ओढून ती काढता येतात. काही तेलं जिवाणूंकडून खाववता येतात, त्याला वेळ लागतो. धातू खोलवर असतील तर वर चिकणमाती आणि जाड प्लास्टिकचा थर घालून त्या भागावर घरं न बांधता नुसतं पार्किंग ठेवता येतं. या सगळ्याला पैसा लागतो, पण स्विमिंग पूल आणि क्लबहाउस बांधणाऱ्याला तो जड जाऊ नये.

भीती वेगळीच आहे. खणलेली माती रात्रीच्या डंपरमध्ये भरून जाते कुठं? शहरात भरावाला कायम मागणी असते. एका प्लॉटवरची खराब माती दुसऱ्या प्लॉटवर, शेताच्या बांधाला किंवा नदीच्याच पात्रात जाऊन पडली तर आपण रोग बरा न करता शेजाऱ्याला दिला. म्हणून 'माती तपासली' एवढ्यावर थांबू नये. 'किती माती काढली आणि ती जिथं पोचली तिथली पावती कुठंय' हेही विचारावं.

म्हणजे घरं बांधूच नयेत?

बांधावीत. हे मी मनापासून म्हणतोय. शहर वाढणारच आहे, आणि ते टेकड्यांवर किंवा मुळशी-मावळच्या भातखाचरांवर चढण्यापेक्षा एकदा वापरून झालेल्या जमिनीवर वाढलेलं केव्हाही चांगलं. पाणी, वीज, बस तिथं आधीपासून असतं. बंद कंपनीचं ओसाड आवार कुणाच्याच कामाचं नाही, आणि तसंच ठेवलं तर त्यातलं विष पावसागणिक झिरपत राहतं. नीट केलेलं बांधकाम हीच जमीन साफ होण्याची एकमेव संधीही असते, कारण तेव्हाच तिथं पैसा येतो.

पण तो पैसा कुणाकडं जातो हे बघावं लागतं. मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनींसाठी १९९१ मध्ये नियम झाला होता: एक हिस्सा मोकळ्या जागांना, एक परवडणाऱ्या घरांना, एक मालकाला. २००१ मध्ये त्यात बदल करून हिशेब फक्त बांधकाम नसलेल्या जागेवर आणला, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो बदल वैध ठरवला. बागा आणि घरांच्या वाट्याला फार थोडं उरलं. नदीकाठच्या जागांच्या बाबतीत आपण अजून वेळेत आहोत. निषिद्ध पट्टा सोसायटीच्या भिंतीआड न जाता सगळ्या गावाला चालायला मोकळा राहावा, एवढी अट तरी आज घालता येईल.

ताईनं काय विचारायचं ठरवलं

विकास आराखड्याचा भाग नकाशा आणि झोन दाखला महापालिकेत मिळतो; त्यावर दोन्ही पूररेषा कुठून जातात ते पाहायचं. मंजूर नकाशे महारेराच्या संकेतस्थळावर असतात; त्यात जोत्याची आणि तळघराची पातळी शोधायची आणि लाल रेषेच्या पातळीशी ताडून बघायची. वीस हजार चौरस मीटरहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते आणि तिची कागदपत्रं 'परिवेश' या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर असतात; मातीचे नमुने कुठून घेतले, किती खोल घेतले, कशासाठी तपासले, ते त्यात दिसतं. दोन-चार नमुने बागेच्या वरच्या थरातून घेऊन सुपीकता तपासली असेल तर ती तपासणी आपल्या कामाची नाही. आणि बाहेरच्या रस्त्यावर जुलै-ऑगस्टमध्ये पाणी कुठवर येतं, हे टपरीवाल्याला विचारायचं. तो खरं सांगतो.

ताईनं साइट ऑफिसला स्वतःच्या हातानं पत्र लिहून दिलंय. जुन्या प्लेटिंग खात्याच्या जागेची माती किती खोलीपर्यंत तपासली, भूजलात क्रोमियम पाहिलं का, आणि उचललेली माती कुठं नेली, एवढंच विचारलंय. पोच घेऊन ती फाइलला लावलीये. उत्तर अजून यायचंय.

गेल्या रविवारी आम्ही परत टपरीवर गेलो. काकांनी माझ्या वहीत कंपनीचा नकाशा काढून दिला: प्लेटिंग, पेंट शॉप, डिझेलची टाकी, बॉयलर, भंगाराचं आवार. बाहेरच्या देशांत जमिनीची तपासणी इथूनच सुरू करतात, जुन्या कामगारांना बसवून, काय कुठं होतं ते विचारून. काढता काढता त्यांनी मागच्या कुंपणापासून नदीकडं एक बाण ओढला आणि त्याच्याखाली लिहिलं, 'पाणी इकडं जायचं.'